लाजाळू, बैल आणि यंत्र

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी ‘अँटिक्वा एट नोवा’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवरील टिपणी प्रसिद्ध केली. तिचे ११७ परिच्छेद संयत व विचारगर्भ आहेत. यंत्राची बुद्धी हे मानवी बुद्धीचे दुसरे रूप नव्हे, तर तिची निर्मिती होय, हे तिचे प्रतिपादन मान्यच आहे. तरी एक उणीव जाणवते. यंत्र येथे मानवी बुद्धीच्या मापाने मोजले जाते. ‘त्याला दुखते का?’ हा प्रश्न मात्र मागे राहतो.

गोंदियाजवळील नागऱ्यासारख्या धानाच्या गावात तो सहज उमगेल. लाजाळूला स्पर्श होताच पाने मिटतात. मोनिका गाग्लियानो व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात ही रोपे थोड्या उंचीवरून पुनःपुन्हा सोडली, तेव्हा ती पाने मिटेनाशी झाली. महिन्याभरानंतरही तो धडा टिकून होता. रोपे शिकली, पण त्यांना वेदना झाली, असे यावरून ठरत नाही. उदाहरणांवरून शिकणाऱ्या साध्या संगणक-प्रणालीचेही तेच. उलट, जू घासून खांदा सोललेला बैल काहीच शिकला नाही, तरी त्याचे दुःख खरे असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी वनस्पती, प्राणी व मानव यांच्या आत्म्यांत भेद केला. धर्मसभेचा श्रद्धाग्रंथही (२४१८) प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत मानतो. मानवाची प्रतिष्ठा ईश्वरदत्त आहे. तिला कसोटी लागत नाही. मानवेतरांबाबत मात्र कसोटी हुशारीची नव्हे, वेदनेची हवी. टिपणीने ही पायरी दाखवली असती, तर यंत्राला देव्हाऱ्यात बसवणे आणि मुक्या जिवाला यंत्र समजणे, हे दोन्ही प्रमाद वाचकाला एकदमच ओळखता आले असते.