चाहत्याचं मत: सैराट, कुस्ती आणि तारपा

मागच्या खेपेला आपण अभिरुचीचा प्रश्न अर्ध्यावर सोडला होता. आज तो ह्यूम-कांटच्या पुस्तकांतून बाहेर काढून आपल्या पालघर-बोईसरच्या पट्ट्यात आणू.

एक चाहता गृहीत धरू या. तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, पंचविशीतला. सैराटची गाणी, डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती आणि शुक्रवारचा नवा सिनेमा ही त्याची तीन दैवतं. तिन्हींवर त्याची ठाम मतं आहेत. प्रश्न असा, की त्याच्या मताला आपण ‘मत’ म्हणायचं, की ‘आवड’ म्हणून सोडून द्यायचं?

कांटने १७९० मध्ये एक साधा भेद केला. ‘मला हे आवडतं’ म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलतो. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा मात्र इतरांकडूनही संमतीची अपेक्षा ठेवतो. आता बघा, आपला चाहता कधी ‘मला आवडलं बुवा’ म्हणून गप्प बसतो का? नाही. तो तासभर वाद घालतो. म्हणजे नकळत तो कांटच्या अंगणात येऊन उभाच आहे. मग त्याची मतं तपासायला नकोत का?

पहिलं मत संगीताचं. सैराट २०१६चा, संगीत अजय-अतुल यांचं. त्यासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला झालं. चाहता म्हणतो, ‘एवढी व्हायोलिनं हौसेसाठी नाहीत. ज्या पोराला गावात मान वर करून उभं राहायची मुभा नाही, त्याच्या प्रेमाला राजाच्या प्रेमाएवढा आवाज दिलाय.’ हे उत्तम विधान आहे. यात वाद्यवृंद, पात्र आणि जात यांचा संबंध लावलाय. पुढे तो म्हणतो, ‘२०१८च्या धडकमध्ये झिंगाट तेच, पण गोष्ट उदयपूरला गेली, जातीचा काटा बोथट झाला, मग गाणं नुसतं लग्नाच्या वरातीचं उरलं.’ ह्यूमने १७५७च्या निबंधात चांगल्या समीक्षकाचे जे गुण सांगितले, त्यात सराव आहे आणि तुलना आहे. दोन्ही इथे दिसतात.

पण मग तोच चाहता घसरतो. ‘शंभर कोटी कमावले, अजून काय पुरावा पाहिजे?’ असं म्हणतो. किती लोकांनी तिकीट काढलं हे त्या आकड्यातून कळतं. का काढलं, ते कळत नाही. वर त्याने जे कारण दिलं ते या आकड्यापेक्षा कितीतरी वजनदार होतं. स्वतःचंच चांगलं कारण टाकून तो गल्ल्याच्या आड लपतो.

दुसरं मत कुस्तीचं. इथे आमची सुशिक्षित मंडळी हसतात. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ती कुस्ती. ही तर नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला! खरंच आहे ते. कंपनीने स्वतःच १९८९मध्ये न्यू जर्सीत हा खेळ करमणूक असल्याचं मान्य केलं होतं. पण चाहता विचारतो, ‘ठरलेलं असतं हे मलाही माहीत आहे. नाटकात तुम्ही रडता, तेव्हा शेवट ठरलेला नसतो का?’ रोलाँ बार्थ हेच १९५७च्या पुस्तकात सांगतो: या कुस्तीच्या प्रेक्षकाला निकालाशी देणंघेणं नाही, त्याला दुःख, पराभव आणि न्याय डोळ्यांसमोर स्पष्ट दिसायला हवेत.

आम्ही याला एक जवळचा दाखला जोडू. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून देव-दैत्य नाचत लढतात. महिषासुर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी लोक रात्र जागवतात. डब्ल्यूडब्ल्यूईची तुलना कोल्हापूरच्या तालमीशी केली की ती खोटी ठरते. बोहाड्याशी केली की तिचं रूप नीट कळतं. फरक एवढाच, की बोहाड्यातला मुखवटा गावाच्या मालकीचा, आणि रिंगणातला कंपनीच्या. हा फरक छोटा नाही. चाहत्याने तो लक्षात घेतलेला नाही.

तिसरं, सिनेमा. इथे फार थांबायला नको, कारण इथे तो मत देतच नाही, बाजू घेतो. आपल्या नटाचा सिनेमा पाहण्याआधीच चांगला, दुसऱ्याचा पाहण्याआधीच पडेल. ह्यूमची शेवटची अट पूर्वग्रहमुक्त असण्याची. तिथे चाहता साफ नापास.

मग चाहत्याने सगळ्यापासून दूर उभं राहावं, असं म्हणायचं का? थांबा. तारप्याचा नाच आठवा. दुधी भोपळ्याचं ते वाद्य वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हात गुंफलेली साखळी. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून तो फेर जगभर पोचला. त्या फेरात प्रेक्षक नावाची जागाच नाही. कळायचं तर आत शिरावं लागतं. तोच नाच आता पाहुण्यांच्या स्वागताला मंचावर उभा करतात, नाचणारे खुर्च्यांकडे तोंड करतात, आणि आपण ‘छान होतं’ म्हणून चहाला जातो. हे तटस्थ मत. पण त्यात कळलं काय? काहीच नाही.

झिंगाटवर आपला चाहता स्वतः नाचला होता. म्हणून त्याचं मत पायांतून आलेलं आहे, आणि म्हणून ते भरीव आहे. आपल्या परंपरेतला ‘सहृदय’ तरी वेगळा कोण? आत शिरू शकतो तो. तेव्हा ह्यूमला आपण एवढी जोड देऊ: आधी फेरात या, मग बाहेर येऊन कारण सांगा. नुसता आत राहिला तो भक्त. नुसता बाहेर राहिला तो पाहुणा.

हे एवढं महत्त्वाचं का? बोईसरच्या एकाच पाळीत वारली पोरगा असतो, बिहारचा असतो, कोल्हापूरचाही असतो. भाषा वेगळ्या, सण वेगळे. डब्याच्या सुट्टीत ते बोलतात ते गाण्यांवर, कुस्तीवर, सिनेमावर. ‘तुझं तुला, माझं मला’ म्हटलं तर तिथलं बोलणं संपतं. ‘आमचाच हिरो’ म्हटलं तर भांडण लागतं. कारण दिलं आणि ऐकून घेतलं, तरच तिथे चारचौघांचं काही उभं राहतं. समीक्षा विद्यापीठात जन्मते असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं जाताना पाहिलं. ती डब्याच्या सुट्टीतही जन्मते, फक्त तिला कोणीतरी ‘का रे?’ असं विचारायला हवं.

पुढच्या वेळी पूर्वग्रह या एकाच शब्दावर बोलू.