संमिश्र व्हिडिओ गेमचे वर्गीकरण : समासविचाराच्या आधारे एक सूचना

व्हिडिओ गेमचे प्रकार पाडण्याचे प्रयत्न नवे नाहीत. ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात कौशल्य व क्रिया यांचे खेळ आणि डावपेचांचे खेळ असे दोनच मोठे वर्ग मानले. मार्क वुल्फ यांची २००१ मधील यादी चाळीसच्या पुढे गेली. एकच खेळ अनेक वर्गांत बसू शकतो, ही मुभा वुल्फ यांनी दिलीच होती. २०१४ पासून ‘स्टीम’ या विक्रीमंचावर खेळणारेच खेळांना खुणेचे शब्द जोडू लागले आणि या मुभेचा नियमच झाला. आज एका खेळाला दहा-दहा खुणा असतात.

या पद्धतीत एक मूलगामी उणीव आहे. खुणांची यादी घटक सांगते, घटकांचा परस्परसंबंध सांगत नाही. ‘राजा’ आणि ‘पुरुष’ ही दोन पदे दिली म्हणजे ‘राजपुरुष’ या शब्दाचा अर्थ लागला असे होत नाही; कोणते पद प्रधान, हे कळावे लागते. आपल्या वैयाकरणांनी समासांचे वर्ग पाडले ते स्थूलमानाने याच निकषावर. संमिश्र खेळांनाही हाच प्रश्न विचारावा, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. त्यासाठी कसोटी साधी आहे : एकेक घटक मनाने वगळून पाहावा आणि उरते ते खेळण्याजोगे राहते काय, हे तपासावे.

‘स्पोअर’ (२००८) या खेळात पेशीपासून अंतराळापर्यंत पाच टप्पे आहेत व प्रत्येकाची खेळण्याची रीत निराळी. एक टप्पा वगळला तरी बाकीचे उभे राहतात. हा द्वंद्व होय. ‘पझल क्वेस्ट’ (२००७) मध्ये पटावर एकाच रंगाची तीन रत्ने जुळवून लढाई होते आणि तिच्यातून पात्राची शक्ती वाढते. शक्तिवर्धन काढले तरी पटाचा डाव उरतो. पट काढला तर लढाई निकाली काढण्याचे साधनच नाहीसे होते. म्हणजे येथे कोडे प्रधान आणि साहसकथा त्याचे विशेषण : हा तत्पुरुषाच्या जातीचा खेळ. गंमत अशी की, नावात मात्र ‘क्वेस्ट’ हे उत्तरपद आहे. नावाचे व्याकरण आणि वस्तूचे व्याकरण एक नव्हे, ही सावधगिरी येथूनच शिकावी.

तिसरी अवस्था अधिक विचारणीय आहे. ‘स्ले द स्पायर’ (२०१९) या खेळात पत्त्यांचा संच जमविणे आणि मरण आल्यास आरंभापासून सुरुवात करणे, या दोन गोष्टी एकत्र येतात. पत्ते काढले तर काहीच उरत नाही. मरणाचा नियम काढला तर पत्ते उरतात, पण चुकीचा पत्ता घेतल्याची किंमत उरत नाही आणि निवडीतले गांभीर्य जाते. दोन्ही पदे मिळून येथे तिसऱ्याच अर्थाचा बोध करून देतात. हा बहुव्रीही.

अशा बहुव्रीहींपैकी काही पुढे योगरूढ होतात. ‘पंकज’ म्हणताना चिखलाची आठवण होत नाही. त्याचप्रमाणे ‘मेट्रॉइडव्हेनिया’ या शब्दात ‘मेट्रॉइड’ (१९८६) व ‘कॅसलव्हेनिया’ ही दोन नावे जोडलेली असली, तरी आज तो शब्द नवे सामर्थ्य मिळताच बंद वाटा उघडणाऱ्या सलग प्रदेशाच्या खेळांना लागतो. संमिश्र प्रकार आणि शुद्ध प्रकार यांतील भेद पुष्कळदा केवळ काळाचा असतो, तो असा.

‘रोग’ (१९८०) या खेळावरून आलेल्या ‘रोगलाइक’ शब्दाची कथा याच्या उलट बाजूची. २००८ मध्ये बर्लिन येथील परिषदेत या प्रकाराची लक्षणे अधिक व कमी महत्त्वाची अशी विभागून मांडली गेली. सर्व लक्षणे असलीच पाहिजेत असा आग्रह नव्हता. तरीही पाळीपाळीने खेळणे हे महत्त्वाच्या लक्षणांत गणले गेले, आणि त्याच वर्षीचा ‘स्पेलंकी’ पाळी न मानणारा निघाला. लक्षणांची यादी कितीही लवचीक केली तरी कोणते लक्षण प्रधान, हा प्रश्न चुकत नाही.

यावर आक्षेप येईल की, प्राधान्य खेळणाऱ्यागणिक बदलते. हे खरे आहे. परंतु ‘पीतांबर’ हा शब्दही वस्त्राविषयी बोलताना कर्मधारय असतो आणि विष्णूविषयी बोलताना बहुव्रीही. वैयाकरणांनी त्यामुळे वर्गीकरण सोडून दिले नाही. विग्रह स्पष्ट करावा, एवढेच म्हटले.

आपल्या विद्यार्थ्यांना हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते. प्रबंधासाठी खेळांचा नमुना विक्रीच्या खुणांवरून निवडला, तर जो निष्कर्ष शेवटी काढावयाचा तो खुणेतच आधी बसलेला असतो. संशोधन मग पुनरुक्ती ठरते. यास्तव प्रत्येक खेळाच्या नोंदीत प्रकारनामाबरोबर त्याचा विग्रहही द्यावा. नोंद लांबेल, पण तिच्याशी मतभेद दाखविता येतील. नुसत्या खुणेशी वाद घालता येत नाही.