युलिसिस शेवटपर्यंत थांबते

ॲलिस्टर मॅक्लीन म्हटलं की आपल्याला 'गन्स ऑफ नॅव्हरोन' आठवतो. त्याची पहिली कादंबरी मात्र १९५५ सालची 'एच.एम.एस. युलिसिस'. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, विमानं, दारूगोळा घेऊन मालवाहू जहाजांचे ताफे आर्क्टिक समुद्रातून रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे जायचे. अशा एका काल्पनिक ताफ्याची आणि त्याच्या राखणीला निघालेल्या युलिसिस या क्रूझरची ही गोष्ट. मॅक्लीन स्वतः नौदलात होता, रॉयलिस्ट नावाच्या क्रूझरवरून याच पाण्यात गेला होता.

थंडीबद्दल या पुस्तकाशी भांडायला मला जागा सापडली नाही. लाटेचं पाणी उडून डेकवर, तोफांवर, दोरांवर पडतं आणि तिथेच गोठतं. हे वजन साठतं ते जहाजाच्या वरच्या भागात. त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेलं जहाज सरळ व्हायला वेळ घेऊ लागतं. बर्फ फोडला नाही तर ते शत्रूशिवायच उलटेल. हे भौतिकशास्त्र मॅक्लीन कुठेही समजावत बसत नाही, पण माणसं का झोपू शकत नाहीत ते तुम्हाला कळतं. आजारी कॅप्टन व्हॅलरी जहाजभर फिरून आपल्या माणसांना भेटतो, ती पानं तर मी दोनदा वाचली. उलट, एका खलाशाला ज्या जळत्या टँकरवर टॉर्पेडो सोडावा लागतो त्यावर नेमका त्याचाच बाप असतो, तिथे मी पुस्तक मिटून चहा करायला गेले.

आता आकडे. (सवय आहे, दिवसभर तेच बघते.) कादंबरीत तीसेक जहाजं निघतात आणि जेमतेम मूठभर पोचतात. प्रत्यक्षात १९४१ ते १९४५ या काळात अशा ७८ ताफ्यांमधून सुमारे १४०० मालवाहू जहाजं गेली-आली, त्यांतली ८५ बुडाली. म्हणजे शंभरात सहा. मॅक्लीनने पाच वर्षांतली सगळी संकटं गोळा करून एकाच ताफ्याच्या माथी मारली आहेत: वादळ, पाणबुड्या, बॉम्बफेकी विमानं, जर्मन क्रूझर. सुटी सुटी सगळी खरी, एकत्र अशक्यप्राय. कोणी असा नमुना घेऊन माझ्या गाइडकडे गेलं तर दारातूनच परत येईल.

पण मग मी ताफ्यागणिक आकडे बघितले आणि माझा सूर जरा उतरला. शंभरात सहा ही सरासरी आहे, पण दर ताफ्यात सहा टक्के जहाजं बुडत नव्हती. कित्येक ताफे एकही जहाज न गमावता पोचले. आणि जुलै १९४२ मधल्या पीक्यू-१७ ची २४ जहाजं गेली, त्यानंतरच्या पीक्यू-१८ ची १३. दोन ताफ्यांत ८५ पैकी ३७! बंदरात उभ्या खलाशाला आपला ताफा यातला कुठला, हे माहीत नव्हतं. त्याची भीती सरासरीची नव्हती, या पसाऱ्याची होती. मॅक्लीनची सरासरी साफ चुकली आहे, भीती बरोबर आहे.

इथपर्यंत मी कादंबरीच्या बाजूने. अडतं ते पुढे.

पीक्यू-१७ चं काय झालं ते बघा. ४ जुलैच्या रात्री लंडनमध्ये ॲडमिरल डडली पाउंड यांना भीती होती की टिर्पिट्झ ही जर्मन महानौका नॉर्वेतून निघाली आहे. त्यांनी गुप्तवार्ता विभागातल्या डेनिंगला विचारलं, ती अजून बंदरातच आहे याची खात्री देतोस का? डेनिंगचा युक्तिवाद असा की ती निघाली असती तर रेडिओवर अमुक अमुक खुणा दिसल्या असत्या, आणि त्या दिसत नाहीत. खात्री मात्र तो देऊ शकला नाही. पाउंडनी ताफ्याला विखुरण्याचा हुकूम दिला.

हा हुकूम मूर्खपणाचा नव्हता. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे घोळक्याने राहणं म्हणजे सगळ्यांनी एकदम मरणं. पण विमान आणि पाणबुडीपुढे एकटं जहाज म्हणजे आयती शिकार, त्यात जुलैत तिकडे रात्रच होत नाही. टिर्पिट्झ तेव्हा अल्टाफ्योर्डमध्येच होती. दुसऱ्या दिवशी ती निघाली आणि त्याच संध्याकाळी परत फिरली. तिची गरजच उरली नव्हती.

क्रूझरना पश्चिमेला परतण्याचा हुकूम होता. राखणीच्या विनाशिकाही, आता टिर्पिट्झशी गाठ पडणार असं समजून, त्यांच्यामागे गेल्या. मालवाहू जहाजांवरच्या लोकांनी त्यांना जाताना पाहिलं.

आता युलिसिसकडे या. इथे राखण करणारी क्रूझर जात नाही. तुटते, जळते, आणि शेवटी एकटी जर्मन क्रूझरवर चाल करून जाते. पीक्यू-१७ च्या रक्षकांना जे करू दिलं गेलं नाही, ते ती करते. असे रक्षक खरेही होते. १९४२ च्या शेवटच्या दिवशी जेडब्ल्यू-५१बी च्या विनाशिकांनी जर्मन क्रूझर हिपर आणि ल्युत्सोव थोपवून धरल्या, आणि ताफ्यातलं एकही मालवाहू जहाज गेलं नाही. पण मॅक्लीन थांबण्याचं शौर्य निवडतो आणि निघून जाण्याचा प्रश्न टाळतो. त्याच्याकडेही लंडनमधला दोषी ॲडमिरल आहे, पण तो निर्दय आहे, म्हणून सोपा आहे. पाउंड निर्दय नव्हते. अपुऱ्या माहितीवर, घाईत, वाईटातलं वाईट धरून त्यांनी निर्णय घेतला. त्या खोलीतली कादंबरी लिहिणं जास्त अवघड. आणि मालवाहू जहाजांवरची माणसं? पुस्तकात ती बहुतेक लांबून दिसणारी, बुडणारी नावं आहेत.

खरं तर पीक्यू-१७ मध्येच एक गोष्ट तयार पडली होती. लिओ ग्रॅडवेल हा पेशाने वकील, एअरशायर नावाच्या छोट्या सशस्त्र ट्रॉलरचा कप्तान. हुकूम आल्यावर त्याने तीन मालवाहू जहाजं सोबत घेतली आणि सरळ बर्फात शिरला. जहाजांवर पांढरा रंग सापडला, तो सगळ्यांना फासला. डेकवर रशियासाठी नेत असलेले रणगाडे होते, त्यांच्या तोफा भरून ठेवल्या. विमानांना ते दिसले नाहीत आणि तिन्ही जहाजं रशियाला पोचली. त्यातलं सिल्व्हर स्वोर्ड सप्टेंबरमध्ये, परतीच्या ताफ्यात, बुडालं.