चिक चॉकलेट: दोन ओळींमधल्या फटीतला ट्रम्पेट

चिक चॉकलेटना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणतात. ही पदवी आम्हाला खटकते. वरवर मानाची वाटते, पण माणसाला नक्कल ठरवून मोकळी होते. प्रभाव होता, तो कशाला लपवा? वाद्य तेच, स्टेजवरची ढबही तीच. पण त्यांचं खरं काम ऐकायचं तर आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी बाजूला ठेवून हिंदी सिनेमाची गाणी काढावी लागतात.

खरं नाव आंतोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६, बार्देशातलं हळदोणे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना युरोपीय स्वरलिपी वाचायला शिकवत. कागद समोर आला की वाजवायचं. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत पोचले. चिकही त्यांतलेच, ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन वाजवायचे. पुढे राज्यात दारूबंदी आली, नाचाच्या रात्री रोडावल्या, तेव्हा या वादकांना सिनेमाचाच मोठा आधार झाला.

सिनेमात चिक साहाय्यक झाले सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचे. आता गंमत बघा. हॉटेलात एखादा सोलो रंगला की लांबवता येतो. ७८ आरपीएमच्या तबकडीत अख्खं गाणं मिळून साधारण तीन मिनिटं! त्यात मुखडा, अंतरे, गायक. ट्रम्पेटला मिळणार ती दोन ओळींमधली फट. जॅझवाल्याला आयत्या वेळी सुचणं प्यारं, आणि इथे तर सूर आधी कागदावर उतरवायचे. 'अलबेला' (१९५१) ऐका. भगवानदादांचा नाच आपल्याला पाठ आहे, पण ते पाय ज्याच्यावर हलतात ते वाजवणं? चिक त्यात बँडसकट पडद्यावरही दिसतात. फटीतले सूर असे बेतलेत, की आत्ताच सुचले असं वाटावं. ही कारागिरी आम्ही सोलोपेक्षा कमी लेखणार नाही.

काही जण म्हणतात, सगळं गोवेकरांनी केलं, संगीतकारांनी नुसतं नाव लावलं. हे आम्हाला पटत नाही. पेटीवर चाल बांधणं हे एक काम, ती वाद्यांनी सजवणं हे दुसरं. चिकनी दोन्ही करून पाहिलं. 'नादान' (१९५१) या सिनेमाला संगीत त्यांचंच. त्यातलं तलत महमूदचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' मऊ आहे, सुरेल आहे, पण त्यात चिक सापडत नाहीत. त्यावर दुसऱ्या कुणाचंही नाव चाललं असतं. दुसऱ्याच्या चालीतच ते जास्त ओळखू येतात. चाल देणारे म्हणून मधल्या रांगेतले, संयोजक म्हणून पहिल्या, असं आमचं मत.

पण नाव कुठे? आजही मोबाइलवर गाणं उघडा: गायक, संगीतकार, फार तर गीतकार. संयोजकाला बहुतेक जागाच नाही. इथे विठ्ठलवाडीत लग्नाच्या मोसमात वरातीपुढे ट्रम्पेट वाजवणाऱ्यांना मुखडा येतो, मधला तुकडाही येतो. तो कुणी बेतला, हे त्यांना सांगणार कोण? आणि की-बोर्डवर दुसऱ्यांची गाणी सजवून देणारी मुलं आज समोर बसली असतील, तर हा प्रश्न त्यांच्या पोटाचाही आहे.

चिक १९६७ साली गेले, पन्नाशीच्या आसपास. आता 'अलबेला'तली दोन गाणी लावतो. बोल सगळ्यांना येतात, तेव्हा सोबत गाऊ नका. अंतऱ्याच्या आधी काय वाजतंय तेवढं ऐका. आणि तो पंखा जरा बंद करा कुणीतरी.