ओवीतील नाताळ

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांची उणीव या ग्रंथाने ओळखली. मराठी ओवी रचताना कवीने त्यांच्या बोलीतील सोपे शब्दही मुद्दाम घेतले. ग्रंथाचे खरे मोल येथेच आहे: प्रभुजन्माची कथा तीच राहिली, सांगण्याची रीत श्रोत्यांस अनुसरून बदलली.

आपल्या घरांतील नाताळासही हीच कसोटी लावावी. शाहपुरासारख्या सीमाभागात घर मराठी, तर शाळा बहुधा हिंदी. नातवंडांना कळत नाहीत म्हणून जुनी भजने टाकून केवळ तारा व केक राखणे म्हणजे वारसा गमावणे होय. परंतु अर्थ न सांगता ती घोकवून घेणेही स्टीफन्स यांच्या हेतूस धरून नाही. आजीने भजन म्हणावे आणि त्याचा अर्थ मुलांच्या भाषेत सांगावा.