वड्याची रांग आणि विलंबित ख्याल

पुण्यात समीक्षक होण्यासाठी कसलीही पदवी लागत नाही. पुण्यात राहावे लागते, एवढेच. इतर गावांतली माणसे गाणे ऐकतात, वडा खातात, नाटक पाहतात आणि घरी जाऊन झोपतात. आमच्याकडे झोपण्यापूर्वी निकाल जाहीर करावा लागतो. याचे कारण उघड आहे. १८५४ पासून इथे इंजिनियर घडवणे चालू आहे, १८८५ साली फर्ग्युसन निघाले, १९१६ साली स. प. आले, आणि तेव्हापासून परीक्षा घेणे हा या गावचा मुख्य धंदा होऊन बसला. वर्षभर पेपर तपासणाऱ्या गावाला समोर काही आले की तांबडी पेन्सिल कानावरून खाली उतरवण्याची सवय लागतेच. मग तो यमन असो, गणपतीची आरास असो, की मिसळ असो. ‘बरी आहे, पण पूर्वीसारखी नाही’ हा शेरा सगळ्यांना सारखाच.

तरी या गावाचे एक मात्र मानले पाहिजे. वेळ आली की ते खरोखरच नापास करते. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. कॉलेजची पोरे त्यासाठी तालमी करतात, घसे बसवतात, लेक्चरे बुडवतात आणि भरत नाट्यमंदिरात ‘आवाज कुणाचा’ असे विचारून छपराची परीक्षा घेतात. २०२२ च्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी सांगून टाकले की करंडकाच्या योग्यतेची एकांकिकाच नाही, सबब करंडक कोणालाच नाही. गावभर चर्चा झाली. कोणी म्हणाले, पोरांचा हिरमोड केला. कोणी म्हणाले, बरे झाले, डोळे उघडले. माझे म्हणणे एवढेच की विशीतल्या पोरांना जी कडक फूटपट्टी लावली, ती आम्ही थोरामोठ्यांना का लावत नाही? ज्याला ‘आमचा’ म्हणतो, त्या डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाचा पेपर एकदा नीट तपासायला काय हरकत आहे? मी वाणिज्य शाखेचा माणूस. गाण्यातले फारसे कळत नाही, पण जमा कुठली आणि नावे कुठली हे कळते.

आधी जमा बाजू. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा उत्सव सुरू केला. शिष्याने गुरूचा फोटो भिंतीवर लावून उदबत्ती ओवाळली असती तरी कोणी काही म्हटले नसते. या शिष्याने मांडव घातला. माणसे जमवली, कलावंत आणले, आणि वर्षानुवर्षे शेवटी स्वतः गायला बसला. २०११ च्या जानेवारीत पंडितजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. गुरू-शिष्य एकाच पाटीवर! हजारो माणसे सतरंजीवर मांडी घालून तास तास बसतात, हा जमेचाच आकडा आहे. मांडी घालून तासभर बसणे ही आमच्या वयाला साधी गोष्ट राहिलेली नाही. समेवर दाद देताना ‘आहा’ निघतो, तो गाण्याला की गुडघ्याला, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता खाण्याकडे वळू. संगीत महोत्सवाच्या समीक्षेत वडा आणू नये असा शिष्टाचार आहे. मला तो ढोंगीपणा वाटतो. मांडवाच्या कडेला खाद्यपदार्थांचे गाळे असतात आणि कांदाभजीचा वास कोमल गंधारापेक्षा लांब पोचतो, हे ज्याने नाकारले तो समीक्षक कसला? उलट माझे निरीक्षण असे आहे की या महोत्सवातला सर्वांत निःपक्षपाती परीक्षक म्हणजे वड्याची रांग. वर्तमानपत्रातला समीक्षक कलावंताला भिऊन लिहितो, रसिक शेजाऱ्याला भिऊन दाद देतो, पण रांग कोणाला भीत नाही. गाणे रंगले की ती आपोआप विरते. कढईतल्या वड्यांना गिऱ्हाईक उरत नाही आणि तळणाराही झारा हातात धरून मांडवाकडे कान लावतो. गाणे पडले की रांग पार फाटकापर्यंत जाते. एवढा अचूक आलेख कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसेल.

याच रांगेने एक दुःखद गोष्टही दाखवून दिली आहे. ती सर्वांत लांब होते विलंबित ख्यालाच्या वेळी. गायक षड्ज लावतो, तानपुरे जुळलेले असतात, राग हळूहळू दार उघडतो आहे, आणि नेमके याच वेळी लोकांना आठवते की दुपारपासून पोटात काही नाही. ‘चला, अजून आलापीच चाललीय, तोवर चहा मारून येऊ.’ द्रुत सुरू झाली, तबला खणखणू लागला, की हीच मंडळी तोंड पुसत परततात आणि पहिल्या तिहाईला टाळ्यांचा कडकडाट करतात. आता मिसळीचे पाहा. मिसळीत मटकी असते, पोहे असतात, फरसाण असते, आणि वरून पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे सँपल असते. सँपलने झणका येतो, पण खाली मटकी नसेल तर ते नुसते तिखट पाणी. आलाप म्हणजे मटकी आणि तान म्हणजे सँपल. आम्ही लोक मटकी बाजूला सारून वाटीवर वाटी सँपल मागतो आहोत, आणि कलावंतही बिचारे गिऱ्हाइकाचे मन राखायला तेच वाढताहेत. तासाभरात दोन राग, एक ठुमरी, एक अभंग आणि वर आभार! याला मैफल म्हणावे की राइस प्लेट?

तासाभराचा हिशेब कुठून आला? तो घड्याळातून आला, आणि इथे नावे बाजू सुरू होते. पूर्वी हा उत्सव रात्र-रात्र चालायचा. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातून मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याची सोय आहे, म्हणून एखादी रात्र थोडी लांबते, बाकी दहाचा ठोका. नियम चुकीचा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मिरवणुकीच्या भोंग्याखाली राहणाऱ्या आजाऱ्याला विचारा, तो या नियमाला ओवाळील. पण नियमाला कान नसतात. त्याच्या लेखी मालकंस आणि वरातीतला डीजे दोन्ही सारखेच डेसिबल. पोरांनी काचा फोडाव्यात आणि शिक्षा कोपऱ्यात वाचत बसलेल्याला व्हावी, तसे तानपुऱ्याचे झाले.

परिणाम काय? आपल्या संगीतात रागांना वेळ असते. आता दुपारच्या सत्रांमुळे भीमपलास, मुलतानी, पटदीप यांना सुगीचे दिवस आले आहेत. मारवा, पूरिया, यमन यांचीही पंगत बसते. पण मध्यरात्रीच्या दरबारीने कुठे जायचे? पहाटेच्या ललितने काय करायचे? रात्री दहाला समाप्ती, म्हणून भैरवी रात्री दहाला. भैरवी शेवटाला केव्हाही चालते हे मान्य, पण मुळात ती सकाळची. पूर्वी ती संपून लोक बाहेर पडत तेव्हा खरोखर उजाडलेले असे. आता ती संपल्यावर लोक रिक्षा शोधतात.

रात्रीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि ती मला सर्वांत मोठी बुडीत रक्कम वाटते. ती म्हणजे विद्यार्थी. महोत्सव रमणबागेत होता तेव्हा पेठांतल्या खोल्यांमधून आणि हॉस्टेलांवरून पोरे चालत येऊ शकत. रात्रभर घोंगडी पांघरून बसायची. त्यांना गाणे कळत होते असे नाही. बाराला पेंगायची, दोनला चहा प्यायची, तीनला पुन्हा पेंगायची. पण अर्धवट झोपेत कानावर जो सूर पडतो तो थेट आत जातो. त्याला ‘हा कोणता राग’ हा प्रश्न आडवा येत नाही. कितीतरी जणांना गाण्याची गोडी अशी डुलक्यांमधून लागली आहे. पेंगण्याचे असे विद्यापीठ जगात दुसरे नसावे. २०१८ मध्ये महोत्सव मुकुंदनगरला गेला. जागा ऐसपैस, व्यवस्था उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसाउजेडी सुरू होणाऱ्या सत्राला कॉलेजातले पोर प्रॅक्टिकलला असते आणि माझ्यासारखा कारकून काउंटरवर असतो. मग मांडवात उरतात ते पेन्शनर. ते फार चांगले श्रोते आहेत, पण साठ वर्षे ऐकलेल्यांनीच आणखी ऐकायचे, तर नवी खाती उघडायची कोणी? जुन्या ठेवींच्या व्याजावर कुठलीही शाखा फार दिवस चालत नाही.

कोणी म्हणेल, पहाटेच्या गाण्यासाठी दिवाळी पहाट आहे ना! आहे. गावात चौकाचौकात आहे. लोक अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, अंधारात घराबाहेर पडतात, हे दृश्य पाहण्यासारखे असते. चिवडा-चकली मिळते, अत्तर लावतात, सगळे कसे मंगल. फक्त गाणी मात्र तीच. भक्तिगीत, नाट्यगीत, भावगीत, मधूनच जुने सिनेमाचे गाणे. मला ती सगळी आवडतात, पण ती संध्याकाळी सहालाही तितकीच आवडतील. ज्या एकमेव वेळी ललित, भटियार, तोडी यांना कायद्याने आणि शास्त्राने दोन्हीकडून मुभा आहे, त्याच वेळी आपण त्यांना बाकावर बसवून ठेवतो. करंजी आहे, पण आत सारण नाही, अशातली गत.

तेव्हा एवढे तपासून झाल्यावर निकाल सांगायला हवा. करंडक द्यायचा की नाही? माझे मत, राखून ठेवावा. रद्द करू नये. जमा बाजू भक्कम आहे, गुरुऋण आहे, सत्तर वर्षांची पुण्याई आहे. पण एक पेपर पुन्हा द्यायला लावावा. नियम म्हणतो, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. म्हणजे सहाला चालू! सकाळचे सत्र ही कल्पना काही नवी नाही. महोत्सवाच्या रविवारी बरोबर सहाला षड्ज लागू द्या. एकच कलावंत, एकच राग, दोन-अडीच तास, आणि कोणीही घड्याळ दाखवायचे नाही. विद्यार्थ्याला ओळखपत्र दाखवून चहाच्या किमतीत आत सोडा. प्रॅक्टिकल नाही, काउंटर नाही, कोणाला सबब नाही. पेंगण्याला पूर्ण मुभा असावी. घोंगडी ज्याची त्याने आणावी.

आणि गाळेवाल्यांना एवढीच विनंती की राग संपेपर्यंत कढई चढवू नका. साडेआठला भैरवी होईल, बाहेर ऊन पडलेले असेल, आणि मिसळ खायची तीच तर वेळ असते. मटकी पूर्ण शिजलेली. सँपल मागाल तितके.