कल्हई की मोड?

भंडारा हे पितळेचे गाव. इथल्या घागरी, गुंड आणि पराती एकेकाळी दूरदूरच्या बाजारांत जात. मग स्टील आले. घरोघरच्या बायकांनी जड पराती मोडीत घातल्या, वजनावर पैसे घेतले आणि चकचकीत डबे आणले. आज त्याच घरांतल्या सुना जुना गुंड कुठे मिळतो का म्हणून विचारत फिरतात. मोडीत घालण्याआधी एक प्रश्न मात्र विचारला जाई. भांड्यात अन्न कळकू लागले की कल्हईवाला ते हातात घेई, उलटे करून बोटाने वाजवून बघे आणि सांगे: नुसते कथील गेले आहे की बूडच झिजले आहे. कथील गेले असेल तर कल्हई, बूड गेले असेल तर मोड.

आपल्या शहरांतल्या साठ-सत्तर सालच्या सार्वजनिक इमारतींपुढे आज हाच प्रश्न उभा आहे, आणि भांडे उलटे करून बघायला कोणी तयार नाही.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आधुनिक वास्तुकलेचा वारसा कुठला, असे विचारले तर लोक चमकतात. आंबागडचा किल्ला सांगतील, पवनीचे स्तूप सांगतील. पण १ मे १९६० ला राज्य झाले, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, १९६४ मध्ये जवाहरनगरला आयुध निर्माणी आली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रात जे सरकारी बांधकाम झाले त्याची स्वतःची एक भाषा होती. एसटी स्टँडचा लांब सपाट स्लॅब, खांबाशिवाय पुढे झेपावलेला छज्जा, ऊन अडवणाऱ्या उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या, सिमेंटच्या जाळ्या, मोझेकची फरशी, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असा व्हरांडा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या मुलखात ही भाषा नुसती नटण्यासाठी नव्हती. एअर कंडिशनर नसलेल्या काळात कारकुनाला आणि अर्जदाराला एकाच सावलीत बसवण्याची ती सोय होती. लोक आणि कचेरी यांच्यात जी पायरी होती, ती या इमारतींनी काढली. सरकार आता तुमचे आहे, कुठल्याही बाजूने आत या, हे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते आजही खरे वाटते.

हे सगळे परदेशातून उचलून आणले, हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. वास्तुकार अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे. जे. जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली गेले, १९४७ मध्ये परत आले आणि अहमदाबादच्या ‘अटिरा’ या कापड संशोधन संस्थेपासून कानपूरच्या आयआयटीपर्यंत बांधत राहिले. मेहसाण्याची दूधसागर डेअरी त्यांचीच. तिथे हवा खेळवणारी धुराडीच इमारतीचा चेहरा झाली. ग्रोपिअसच्या शिष्याने गुजरातच्या उन्हाला दिलेले हे उत्तर होते. आमच्या तालुक्यांतल्या इमारती त्या तोलाच्या नाहीत, हेही सांगायला हवे. त्यातल्या बऱ्याच नकाशावरून नकाशा काढलेल्या आहेत. काही तर मुळातच वाईट आहेत आणि त्या गेल्या तर मला दुःख होणार नाही. पण चांगली कोणती आणि वाईट कोणती हे ठरवायला यादी लागते, आणि यादीच कुठे नाही.

कायदाही इथे हात देत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे किमान शंभर वर्षांचे. शंभरी भरायच्या आधी इमारत जगली पाहिजे याची जबाबदारी कोणाचीच नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ याच फटीतून खाली पडले. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचे अभियांत्रिकी गणित, १९७२ चे बांधकाम. पोलाद महाग म्हणून हातांनी ओतलेल्या काँक्रीटच्या दांड्यांची अजस्र जाळी उभी केली होती. वारसा समितीने साठ वर्षांची अट पुढे केली, उच्च न्यायालयात याचिका टिकल्या नाहीत आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती वास्तू जमीनदोस्त झाली. वय पंचेचाळीस. माणूस या वयात कर्ता असतो.

अहमदाबादच्या आयआयएमचे प्रकरण मला जास्त बोलके वाटते, कारण तिथे दोन्ही उत्तरे एकाच आवारात दिसतात. लुई कान यांनी विटांत बांधलेला हा परिसर. २०२० च्या डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडायचे ठरवले. जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडून बांधण्याचा विचार पुन्हा पुढे आला. विटा कमकुवत, आतल्या सळया गंजलेल्या, मुले राहतात तिथे धोका. ही कारणे खोटी नव्हती. पण त्याच आवारातले विक्रम साराभाई ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने दुरुस्त केले होते आणि त्या कामाला २०१९ चा युनेस्को आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. तोच वास्तुकार, तीच वीट, तेच ऊन. एका ठिकाणी कल्हई झाली, दुसऱ्या ठिकाणी मोडीचा भाव विचारला गेला. बूड खरेच झिजले होते का, हे वसतिगृहागणिक तपासून सांगता आले असते. सरसकट चौदा हा आकडा मला तपासणीचा वाटत नाही.

मात्र पाडू न देणे म्हणजे जतन नव्हे, हे गोव्याने दाखवले. पणजीत मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी ही मराठी नाटकाची आणि संगीताची आपली जागा. दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे सभागृह, भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक, आणि नदीपर्यंत कुठेही दार न लागता पोहोचवणारी उघडी ओसरी. २०१९ मध्ये तिचा काही भाग पाडण्याची भाषा झाली, लोक उठले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि वास्तू वाचली. मग दुरुस्ती सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. नोव्हेंबरात दारे उघडली आणि गळतीच्या, आवाजाच्या तक्रारी आल्या. शेवटी कलाकारांना ‘कला राखण मांड’ या नावाने एकत्र यावे लागले. ज्याला कल्हई येत नाही त्याच्या हाती भांडे दिले की भोक पडते. जुन्या काँक्रीटची दुरुस्ती हे वेगळे कसब आहे. रस्त्याचे आणि नाल्याचे काम करणाऱ्याकडून सर्वांत कमी दराच्या निविदेत ते मिळत नाही.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला उघडले. त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली होती आणि उभारणीत पु. ल. देशपांड्यांनी जीव ओतला होता. २०१८ पासून ते पाडून मोठे संकुल बांधण्याचा प्रस्ताव पुढे-मागे होत राहिला. माझे मत स्पष्ट आहे: ते राहावे. स्वच्छतागृहे, वीज, पार्किंग यासाठी रंगमंदिर पाडायची गरज पडत नाही. नागपुरात अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात पाडले गेले, तेव्हा लोक महिनोन्‌महिने आंदोलनाला बसले. ते आंदोलक वास्तुशैलीसाठी बसले नव्हते. आपल्या नावाची जागा आपल्याला न विचारता गेली, याचा तो राग होता. समीक्षक नकाशा बघतात आणि ही गोष्ट त्यांच्या हातून निसटते.

आता उलट बाजू. आमच्या झाडीपट्टीची रंगभूमी मंडपात वाढली, धानाच्या कापणीनंतर गावोगाव रात्रभर चालली. दंडारीला आणि खडी गंमतीला कोणी वास्तुकार लागला नाही. इमारत गेली की कला संपली, असे मी म्हणणार नाही. आणि सुरक्षिततेच्या प्रश्नावर तर या जिल्ह्यात कोणीही सैल बोलू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. आगीला इमारतीची शैली कळत नाही. म्हणून जतनाची सुरुवात वायरिंगपासून, अग्निशमनापासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून व्हावी. दर्शनी भागाचा रंग सगळ्यात शेवटी.

काँक्रीटही अमर नाही. सळईवर सिमेंटचे आवरण कमी असले, वरून पाणी मुरत राहिले, की आतले लोखंड गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. हे पोपडे पाहिले की इमारत ‘धोकादायक’ ठरते. पण पाणी का मुरले? गच्चीवरच्या पन्हाळी वर्षानुवर्षे साफ झाल्या नाहीत, पिंपळ उगवला तो उपटला गेला नाही, व्हरांडे पत्रे ठोकून बंद केले. रिबाउंड हॅमर, कोअर कटिंग, सळईच्या गंजाची चाचणी यांनी कोणता भाग खरेच निकामी आहे ते कळते. अशा चाचण्यांचा अहवाल लोकांपुढे न ठेवता पाडण्याचा ठराव होऊ नये. अहवालात बूड गेल्याचे निघाले तर मीही मोडीच्या बाजूने उभा राहीन.

भंडारेकरांना हे नव्याने शिकवायची गरज नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने खपून बांधलेले मालगुजारी तलाव शेकडो वर्षे टिकले, कारण गाळ काढायचा, पाळ बांधायची, पाट साफ करायचा हा नेम होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, नेम तुटला आणि तलाव उथळ झाले. तरी तलाव बुजवा अशी मागणी आम्ही केली नाही. आम्ही गाळ काढा म्हणालो. एसटी स्टँडच्या, शाळेच्या, कचेरीच्या गच्चीवरही गाळच साचला आहे.

साठ-सत्तर सालच्या आपल्या गावातल्या एखाद्या इमारतीच्या उद्घाटनाचा फोटो, निमंत्रणपत्रिका, किंवा आजोबा ओव्हरसिअर असतील तर त्यांच्या पेटीतला निळा नकाशा तुमच्या घरी असेल, तर तो रद्दीत देऊ नका. त्याची प्रत काढून नगर वाचनालयात ठेवा. उद्या पाडायची का जपायची यावर बैठक बसेल, तेव्हा टेबलावर निविदेशेजारी तो कागदही असला पाहिजे.